द्वारकाआत्याची दुसरी माळ

॥ श्री ॥

कात्रज, पुणे
१२ जानेवारी १९९९

चि. सौ. नम्रता हिस द्वारकाआत्याचा आशीर्वाद.

अक्षर बघून घाबरू नकोस. पेन अजून बोटांत ठरत नाही, त्यामुळे ओळी घाट चढल्यासारख्या वर वर जाताहेत. दिवाळीनंतर तिसऱ्या दिवशी मला हलकासा झटका आला. फोनवर तुला "सर्दीनं आवाज बसलाय" म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. सात समुद्रांपलीकडून तू येऊन काय करणार होतीस, माझ्या तोंडात पेज घालणार होतीस? त्यासाठी खालच्या मजल्यावरची शालू होती. तिनं स्वतःचं एसटीडी बूथ बंद ठेवून माझं केलं. लेक असती तर इतकं करती की नाही, देव जाणे. (तुला टोमणा नाही हो. लागला तर लागू दे थोडा.)

आता चालते-फिरते. जिना उतरून डेअरीच्या फाटकापर्यंत जाऊन येते. तिथले जुने लोक विचारतात, "बाई, आज फॅट किती?" तीस वर्षं दूध तपासलं, आता लोक मला तपासतात.

गंमत शब्दांची झाली. सगळं डोळ्यांपुढं दिसायचं, नाव यायचं नाही. एके दिवशी भाजीवाल्यापुढं उभी, हवा होता दोडका. शालू विचारतेय, "पडवळ का? भोपळा का?" मी आपली मान हलवतेय, नाही, नाही. शेवटी त्याच्या टोपलीत स्वतः हात घालून काढला, तेव्हा म्हणाले, हा! असं करत करत सगळं परत आलं. चमचा आला, गल्लीतल्या लोकांची नावं आली, पावकी-निमकीसुद्धा आली. आरत्या तर गेल्याच नव्हत्या.

एक परत आलं नाही. रंगनाथबुवांनी मला दिलेला मंत्र.

बुवा तुला आठवतील, सासवडचे. शाळेत मास्तर होते आणि बाराही महिने एकाच कोटात असायचे. आमचे हे गेले तेव्हा मी चोवीस वर्षांची. त्यानंतर दोन वर्षांनी बुवांनी तो माझ्या कानात सांगितला. आज चाळीस वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. अंगात ताप असताना नाही, तुझे बाबा गेले त्या दिवशीही नाही. आणि आता माळ हातात घेते, पहिला मणी धरते, आणि पुढं काही नाही. पाटी पुसून ठेवल्यासारखी.

हे शालूला सांगितलेलं नाही. तुलाच सांगतेय. अभिनवरावांना आशीर्वाद.

द्वारकाआत्या

---

कोलंबस, ओहायो
२ फेब्रुवारी १९९९

ती. आत्या, साष्टांग नमस्कार.

आधी भांडते. तू खोटं बोललीस! माझं आता तुझ्याशिवाय कोण आहे गं? बाबा जाऊन सहा वर्षं झाली, आईचा तर चेहराही मला फोटोतलाच ठाऊक. आणि तू मला सर्दी सांगतेस. पुन्हा असं केलंस तर मी नोकरी सोडून येऊन बसेन.

इथं वाय-टू-के नावाचं भूत सगळ्यांच्या मानगुटीवर बसलंय. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे लिहिलेत, ते आम्ही चार करत बसतो. डिसेंबरपर्यंत कुणाला रजा नाही म्हणे. अभिनव म्हणतो, दोन आकड्यांसाठी अख्खी पुण्याची पोरं इथं आणून ओतलीत.

आत्या, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम कर. गोळ्या चुकवू नकोस. आणि मंत्राचं इतकं मनाला लावून घेऊ नकोस. देव काय हजेरी घेतो? सगळी नावं त्याचीच, असं तूच म्हणायचीस. कुठलंही एक घे आणि माळ ओढ.

एक विचारू? तुला अगदीच काही आठवत नाही का? किती अक्षरांचा होता, सुरुवात कशी होती, कुठल्या देवाचा होता, काहीच? सहज विचारतेय.

तुझी
नम्रता

---

कात्रज, पुणे
२५ फेब्रुवारी १९९९

चि. सौ. नम्रता हिस आशीर्वाद.

हजेरी देव घेत नाही, बाई. मी घेते. आणि मी स्वतःच गैरहजर आहे.

"कुठलंही एक घे." वा! शिकून अमेरिकेला गेलीस आणि शहाणपण एवढंच आणलंस? दूध कुणाचंही चालतं, गाईचं, म्हशीचं, पिशवीतलं. पण नुसतं ठेवलं तर दही होत नाही, नासतं. कुणाच्या तरी घरून चमचाभर विरजण आणावं लागतं. त्या घरानं ते त्याच्या आधीच्या घरून आणलेलं असतं. बुवांनी मला दिला तो त्यांना त्यांच्या गुरूंनी दिला होता. पुस्तकातून उचललेलं नाव वाईट नाही गं, पण ते लागत नाही. निदान मला तरी लागलं नाही. महिनाभर करून बघितलं. तू सांगायच्या आधीच.

बुवा म्हणायचे, जप तीन पायऱ्यांनी आत उतरतो. आधी मोठ्यानं म्हणायचा. मग नुसते ओठ हलतात, शेजारी बसलेल्यालाच काय ते पुटपुटणं कळतं. मग ओठही थांबतात आणि मन म्हणतं. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून तिसरी पायरी दिली. "तू डेअरीत दिवसभर बोलतेस, इथं तरी गप्प बस," असं म्हणाले. ओठांवर आणायचा नाही, कागदावर लिहायचा नाही, द्यायचाच झाला तर तोंडानं कानात. मी अक्षरशः पाळलं. त्याचं फळ हे. ज्या आरत्या चारचौघांत घसा फोडून म्हटल्या त्या राहिल्या, आणि जो कुणाला ऐकू दिला नाही तो गेला. ऐकलेला माणूसच नाही, तर आठवण कोण करून देणार? बुवा जाऊन अठरा वर्षं झाली.

तरी मार्केट यार्डात इंदुबाईकडं जाऊन आले. ती माझी गुरुबहीण, बुवांच्या हाताखालची. तिच्या नवऱ्याचा गुळाचा गाळा, तिथं गोण्यांच्या मागं आम्ही दोघी बसलो. मी सगळं सांगितलं. ती रडली. म्हणाली, "द्वारके, विरजण उसनं देतात, मंत्र नाही गं. आणि बुवा प्रत्येकाला वेगळा द्यायचे. माझा तुझ्या कामाचा नाही." मग येताना अर्धा किलो गूळ दिला. तो शालूला दिला.

भीती कशाची वाटते ते सांगते, म्हणजे पुन्हा "मनाला लावून घेऊ नकोस" असलं काही लिहिणार नाहीस. बुवांनी सांगितलं होतं, जन्मभर नीट सांभाळलास तर शेवटच्या श्वासाला तुला आठवावा लागणार नाही, तो आपण होऊन येईल. मी मरायला कधीच भ्यायले नाही, कारण त्या वेळी तो सोबत असणार हे ठाऊक होतं. आता कोण येणार? डॉक्टर म्हणतात, असा झटका पुन्हा येऊ शकतो. तेव्हा मी एकटीच असेन.

किती अक्षरांचा होता म्हणून विचारलंस. माहीत नाही. माहीत असतं तर तेवढी बोटं मोजत तरी बसले असते.

द्वारकाआत्या

---

कोलंबस
२० एप्रिल १९९९

ती. आत्या, साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तू रागावली असशील. हे चौथं पत्र आहे, आधीची तीन लिहून फाडली. हे पाठवणारच, म्हणून स्टॅम्प आधी चिकटवून मग लिहायला बसले.

तू लिहिलंस की तो कधी तुझ्या ओठांवर आला नाही. आत्या, आला होता. मी ऐकलाय. मला येतो.

मी आठ वर्षांची होते. थंडीत पहाटे तू घोंगडीवर भिंतीला टेकून बसायचीस आणि मी गोधडीसकट तुझ्या कुशीत येऊन पडायची. तू जपाच्या पिशवीत हात घालून माळ ओढायचीस. तुझे ओठ हलायचे. मी झोपेचं सोंग घेऊन कान तुझ्या तोंडाशी न्यायची. पहिली माळ संपेपर्यंत तू पुटपुटायचीस, मग तुला डुलकी लागायची, एकदम शांत व्हायचीस, आणि मी कुशीतून सटकायची. सगळा हिवाळा मी हे केलं. संक्रांतीपर्यंत मला पाठ झाला होता.

त्याच सुमारास एकदा तुला विचारलं होतं, "आत्या, तू काय म्हणतेस गं?" तू हसलीस आणि म्हणालीस, "चोरून ऐकू नकोस हं. चोरलेला मंत्र उलटतो." मी तेव्हा चोरून मोकळी झाले होते. कुणाला सांगणार?

पण सोडवला नाही गं. दहावीच्या पेपरला म्हटला. इंजिनिअरिंगला पीएमटीत उभी राहून म्हटला. पहिल्यांदा विमानात बसले तेव्हा टेकऑफला म्हटला. तू माझ्याजवळ बसल्यासारखं वाटायचं. आणि पहिल्या वेळेस, पंच्याण्णव साली, पाचव्या महिन्यात सगळं गेलं तेव्हाही मी तोच म्हणत होते. सत्त्याण्णवला सातवा महिना होता. मुलगी होती. त्या दिवशी मी तो मोठ्यानं म्हणत होते, नर्सला वाटलं मी तिला हाक मारतेय. मुलगी गेली. मग मला तुझं बोलणं आठवलं. उलटतो.

त्या दिवसापासून मी तो बंद केला. अभिनवलाही कारण माहीत नाही.

आता तू विचारतेस कोण येणार. तुझा मंत्र इथं माझ्याजवळ आहे, आणि फेब्रुवारीपासून मी तो दडवून बसलेय. कारण सांगितला तर चोरी कबूल करावी लागते. तुला कळलं की मग तू माझ्याकडं पूर्वीसारखं बघणार नाहीस, अशी भीती वाटली. आज ती भीती आहेच, तरी लिहितेय.

लिहून पाठवू का? की फोनवर सांगू? तू म्हणशील तसं.

नम्रता

---

कात्रज
८ मे १९९९

नम्रता,

ये.

लिहू नकोस. आणि फोनवरही नको. मी विचार केला, फोन कानालाच लावतात की! पण मधे कोण कोण ऐकत असतं देव जाणे, आणि इकडं शालूच्या बूथवर तर खोकला आला तरी मीटर पडतो. बुवांनी तोंडानं कानात म्हटलं होतं, तर तसंच. एवढी वर्षं पाळलं ते शेवटी कशाला मोडू?

रागावले का? पत्र वाचलं आणि पहिल्यांदा स्वतःचाच राग आला. मी मोठ्या तोऱ्यात तुला लिहिलं, ओठांवर आणला नाही, अक्षरशः पाळलं. आणि एक आठ वर्षांची पोर तो पाठ करेपर्यंत माझ्या तोंडून गळत होता. बुवा असते तर म्हणाले असते, बाई, दूध तपासायच्या आधी भांडं तपास.

तुझा राग नाही. "उलटतो" असं मी म्हणाले होते? मला आठवत नाही, नम्रता. किती शोधलं, नाही सापडत. पोरीनं उगाच तोंडात घेऊ नये म्हणून थट्टेत म्हटलं असेन. आठवत असतं तर ते शब्द परत तरी घेता आले असते. मुलगी होती हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

लवकर ये.

आत्या

---

कोलंबस
३ जुलै १९९९

ती. आत्या,

शालूताईंचा फोन आला होता. तू जूनमध्ये न्हाणीघरात पुन्हा पडलीस, चार दिवस दवाखान्यात होतीस, आणि मला लिहायचं नाही अशी त्यांना शपथ घातलीस. त्या म्हणाल्या, लिहायचं नाही म्हणाल्या होत्या, फोन करायचा नाही असं कुठं म्हणाल्या!

साहेबांकडं तीन वेळा रजा मागितली. तिसऱ्यांदा म्हणाला, "इज इट अ फ्युनरल?" मी म्हटलं, ते व्हायच्या आधीच पोचायचंय. तेव्हा कुठं सही केली. नऊ दिवस मिळालेत. १४ ऑगस्टला पहाटे मुंबईत उतरते, दुपारपर्यंत तुझ्याजवळ.

तोवर कुठं पडू-बिडू नकोस. आणि न्हाणीघरात पाट ठेवत जा.

नम्रता

---

कोलंबस
५ सप्टेंबर १९९९

ती. आत्या, साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचले. शालूताईंच्या चकल्या विमानतळावर कस्टमवाल्यांनी हुंगून परत दिल्या, लसणाची चटणी मात्र काढून घेतली.

इथं आल्यापासून रोज तो सोमवार डोळ्यांपुढं येतोय. श्रावणी सोमवार, बाहेर भुरभुर, घाटाकडून मोरांचं ओरडणं. तू नऊवारी नेसून बसली होतीस. किती बारीक झालीयेस गं, पाटावर अर्धी जागा रिकामीच. मी आंघोळ करून आले तर तू माझ्यासाठी तुझ्यापेक्षा उंच पाट मांडलेला. मी म्हटलं, हे काय, आणि तू म्हणालीस, "देणारा वर बसतो. बस गुपचूप."

मी कानाशी वाकले. दोन वर्षांत म्हटला नव्हता, वाटलं मीही विसरले असेन. पण आला. तीन वेळा सांगितला. तिसऱ्या वेळी तुझा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला आणि तू रडायला लागलीस. मी तुला असं रडताना कधीच बघितलं नव्हतं. बाबा गेले तेव्हाही नाही.

मग तू जे केलंस, त्याला मी तुला माफ करणार नाही. नारळ माझ्या ओटीत घातलास आणि वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलंस. आत्या, तू मला वाढवलंस! मी पाय ओढून घेतले तर रागावलीस, "तुझ्या पाया पडत नाहीये, हलू नकोस." मला अजून त्या पायांकडं बघवत नाही.

नंतरचे सगळे दिवस तू इतकी शांत होतीस की मी काही विचारलं नाही. सकाळी माळ घेऊन बसायचीस, मी दारातून बघायची. तुझे ओठ हलत होते. मला वाटलं, मिळाला. आपण दोघी सुटलो.

पण विमानात बसल्यापासून एकच चाललंय डोक्यात. तू तोंडानं एकदाही म्हणाली नाहीस. बरोबर होता ना गं? तोच होता ना?

तुझी
नम्रता

---

॥ श्री ॥

कात्रज, पुणे
११ ऑक्टोबर १९९९

चि. सौ. नम्रता हिस द्वारकाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र देव्हाऱ्यात महिनाभर पडून होतं. "हो, तोच होता" एवढं लिहायचं आणि टाकून द्यायचं, असं रोज ठरवायची. मग म्हटलं, सर्दीच्या वेळी एकदा खोटं बोलून झालंय, या वयात सवय लागायला नको.

नम्रता, तो माझा मंत्र नव्हता.

पत्र खाली ठेवू नकोस. पुढं वाच.

तू कानाशी आलीस, म्हणायला लागलीस, आणि मला दवाखान्यातली एक खोली दिसली. लोखंडी खाट, हिरवं ब्लँकेट, खाटेवर तुझी आई. वहिनीची कावीळ उतरत नव्हती. तू चार वर्षांची, बाहेर तुझ्या बाबांच्या, दशरथदादाच्या कडेवर. तिनं माझा हात धरला, असा घट्ट, आणि म्हणाली, "वन्सं, पोरीसाठी आमच्या माहेरच्या देवीची एक माळ रोज करत जा. माझ्यानं आता होईल असं दिसत नाही." आणि तिनं तो मला सांगितला. कानात-बिनात नाही, मोठ्यानं. नर्स औषध ओतत होती, ती ऐकत होती. तुझ्या आजोळचं कुणीच उरलं नव्हतं, दादा तर वहिनीचं नावही काढू देत नसे. त्यामुळं ती देवी कोण, हे तुला कुठून कळणार?

ती माळ मी बावीस वर्षं केली. ओठांनी केली, कारण तू कुशीत असायचीस आणि ती तुझ्या कानावर पडावी असंच मला वाटायचं. ती झाली की माळ पुन्हा मेरुमण्यापासून धरायची आणि माझी सुरू करायची, मनात. तुला वाटायचं आत्याला डुलकी लागली! तू सटकायचीस तेव्हा कुठं माझा जप लागायचा.

तुझ्या लग्नाच्या दिवशी ती माळ शेवटची केली. आता पोरगी तिच्या घरच्या देवांच्या हवाली, असं म्हणून थांबवली. झटक्यानं माझा मंत्र नेला, त्याच्याबरोबर हेही पुसून नेलं होतं. वहिनीचा हात, ती खोली, सगळं. म्हणून तुझं कबुलीचं पत्र आलं तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, उलट मी बुवांचा नियम मोडला म्हणून तीन महिने स्वतःला कोसत बसले. तू कानात सांगितलंस आणि ते सारं परत आलं. त्या दिवशी रडले ती त्यासाठी. आणि डोकं ठेवलं ते वहिनीच्या देवीपुढं, तुझ्या पायांपुढं नाही. तेव्हा पायांकडं बघ खुशाल.

म्हणजे तू काय चोरलंस? स्वतःच्या नावानं आलेलं पत्र उघडून वाचलंस, एवढंच. आणि आपल्याच दाराशी चोरासारखी उभी राहिलीस, चोवीस वर्षं. माझ्या एका थट्टेपायी. ती थट्टा मला अजूनही आठवत नाही, पण ती मी केली असणार, आणि त्याबद्दल तुझी माफी मागते. मोठ्यांनी लहानांची माफी मागू नये म्हणतात. म्हणू देत.

तुझी पोरं का गेली, ते मला ठाऊक नाही. मंत्र त्याचं उत्तर देत नाही, आणि देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. पण ते उलटणं नव्हतं, एवढं मी देवावर हात ठेवून सांगते. त्या खोलीत तू तुझ्या आईनं तुझ्यासाठी ठेवलेलं म्हणत होतीस. नर्सला वाटलं तू कुणाला तरी हाक मारतेस. तिला बरोबरच वाटलं.

आता माझं.

तुला वाटेल, म्हातारी रिकामीच राहिली. मलाही आधी तसंच वाटलं. तू गेल्यावर चार दिवस मी माळेला हात लावला नाही. पाचव्या दिवशी शालू वर आली, पिशवीतून दोडके काढून ओट्यावर ठेवले, आणि मला एकदम हसू फुटलं. ती म्हणाली, "काय झालं हो आत्या?"

अगं, मला दोडक्याचं नाव आठवत नव्हतं, तेव्हा ती पडवळ का, भोपळा का म्हणून विचारत होती, आणि मी नाही नाही म्हणत होते. दोडका मला मुळीच ठाऊक नसता, तर भोपळ्याला नाही कशाला म्हटलं असतं? मुकाट घेऊन आले असते. त्या सोमवारी वहिनी दिसायच्या आधी, तुझ्या पहिल्याच अक्षराला, आतून कुणीतरी म्हणालं, "हा नव्हे." शांतपणे म्हणालं, बुवा फळ्यावरची चूक दाखवायचे तसं. हा नव्हे असं ज्याला कळलं, त्याला तो कोणता हे माहीत असलंच पाहिजे. मी त्याला विसरले असेन. तो गेलेला नाही. आतल्या घरात बसलाय आणि बाहेर कोण आलं, कोण नाही ते ओळखतोय.

मग मी कशाला घाबरू? बुवा म्हणालेच होते, शेवटी तुला आठवावा लागणार नाही. मी इतके महिने तोच तर आठवत बसले होते.

आता माझा रिवाज असा. पहाटे साडेपाचला उठते. पहिली माळ तुझी, मोठ्यानं. शालू म्हणते खालपर्यंत ऐकू येतं, येऊ दे. मग मेरुमणी धरून दुसरी घेते. मणी पुढं जातात, शब्द नसतो. पूर्वी तसं झालं की माळ खाली ठेवायची. आता नुसती बसते. आत कुणीतरी आहे म्हटल्यावर बाहेर ओसरीवर बसायला काही वाटत नाही.

तू तुझी माळ पुन्हा सुरू कर. बंद केलीस त्या दिवसाचं प्रायश्चित्त वगैरे काही नाही, सरळ धर आणि म्हण. शालूनं हिशेब करून सांगितलंय, माझे पहाटेचे साडेपाच म्हणजे तुझे आदल्या रात्रीचे आठ. जेवणं लवकर उरकत जा. अभिनवरावांना सगळं सांग, त्यांनी पोरं एकट्यानं गमावली नाहीत आणि तूही एकटीनं नाही.

पहिली माळ आपण दोघी मिळून करू. ती झाली की तू ऊठ. मी गप्प झाले म्हणजे मला डुलकी लागली असं समजू नकोस.

द्वारकाआत्या